पोलंडहून आलेले आपल्या धर्मगुरूंचे आजोबा



पुण्याच्या ज्या पेपल सेमिनरीत राहून मी तत्त्वज्ञान शिकलो, ती उभी राहिली एका पोलिश माणसाच्या ध्यासातून. महागुरुस्वामी लादिस्लाव झालेस्की यांचा जन्म 1852 साली लिथुआनियातील पोलिश घराण्यात झाला. तेव्हा पोलंड देशच नकाशावर नव्हता. तिथे झारची सत्ता होती. म्हणूनच असेल कदाचित, पण भारतातील ख्रिस्तसभेचे मेंढपाळ इथल्याच मातीतले असावेत, हा विचार त्यांनी सोडला नाही. त्या काळी हे अनेकांच्या पचनी पडत नव्हते.

1892 मध्ये ते पोपमहाशयांचे भारतातील प्रतिनिधी झाले. पुढच्याच वर्षी पोप लिओ तेरावे यांच्या इच्छेनुसार श्रीलंकेतील कँडी येथे सेमिनरी सुरू झाली. शिकवायला बेल्जियमचे येशूसंघीय धर्मगुरू होते. 1896 मध्ये झालेस्कींनी केरळच्या तीन धर्मगुरूंना तिथेच बिशपपदाची दीक्षा दिली. फावल्या वेळी ते वनस्पतींची चित्रे काढीत!

1925 साली रोममध्ये ते प्रभुघरी गेले. त्यानंतर तीस वर्षांनी सेमिनरी कँडीहून पुण्याला आली. माझ्या वर्गात केरळ, तामिळनाडू, वसई, छोटानागपूर अशी सगळीकडची मुले होती.