कार्यभारातील शांती : थोर संत ग्रेगरी ह्यांचे चरित्र

मृत आप्तांच्या आत्म्यांसाठी ओळीने तीस दिवस पवित्र मिस्सा अर्पण करण्याची चाल आपणां सर्वांस परिचित आहे. ह्या मिस्सांस ‘ग्रेगोरियन’ म्हणतात, ह्याचे कारण त्या चालीचा उगम ज्या कथेत आहे ती कथा पोप संत ग्रेगरी ह्यांच्या ‘संवाद’ नामक ग्रंथात आली आहे. परंतु तो ग्रंथ कोणत्या मनःस्थितीत आरंभिला गेला, हे फार थोड्यांस ठाऊक असते. ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी, कामाच्या ओझ्याने शिणलेल्या प्रत्येक बंधुभगिनीस धीर यावा म्हणून त्या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ग्रेगरी ह्यांचा जन्म इ. स. ५४० च्या सुमारास रोम नगरीतील एका श्रीमंत व कुलीन घराण्यात झाला. त्यांची माता सिल्व्हिया हिलाही ख्रिस्तसभेने संत मानिले आहे. वयाच्या सुमारे तेहतिसाव्या वर्षी ते रोमचे नगराधिपती झाले. पुढे पित्याच्या मृत्यूनंतर त्यांनी हे वैभव सोडिले, सिसिली बेटात सहा मठ स्थापिले, आणि सीलियन टेकडीवरील स्वतःच्या वाड्यात संत आंद्रे ह्यांच्या नावाने मठ उघडून तेथे ते साधे मठवासी होऊन राहिले. त्या मठातील शांत दिवसांची आठवण त्यांस जन्मभर राहिली.

परंतु ती शांती त्यांस फार दिवस लाभावयाची नव्हती. इ. स. ५७९ च्या सुमारास पोप दुसरे पेलाजियस ह्यांनी त्यांस आपले वकील म्हणून कॉन्स्टँटिनोपल येथील बादशाही दरबारी धाडिले. तेथे त्यांनी एक युक्ती केली. आपल्या मठातील काही बंधू ते बरोबर घेऊन गेले, आणि दरबारचे काम आटोपल्यावर त्यांच्यासह बसून ईयोबाच्या ग्रंथाचे मनन करीत. वादळात नौकेस नांगर असावा, तसा त्या बंधूंचा सहवास त्यांस होता.

इ. स. ५८९ मध्ये टायबर नदीस महापूर येऊन धान्याची कोठारे नष्ट झाली, पाठोपाठ महामारी आली, आणि तिने पोप पेलाजियस ह्यांचाही बळी घेतला. लोकांनी एकमुखाने ग्रेगरी ह्यांस निवडिले. ते कष्टी झाले; सम्राट मॉरिस ह्याने निवडीस संमती देऊ नये, अशी खटपटही त्यांनी केली. परंतु ती व्यर्थ गेली, आणि ३ सप्टेंबर ५९० रोजी त्यांचा अभिषेक झाला.

मग कामांस अंत राहिला नाही. भुकेल्यांस धान्य, निर्वासितांस आश्रय, बंदिवानांस खंडणी, सैनिकांस वेतन, लाँबर्ड लोकांशी तह, दूरदूरच्या बिशपांचे तंटे, सर्व भार त्यांच्याच शिरी पडला. त्यांची सुमारे ८५० पत्रे आज उपलब्ध आहेत, त्यांवरून ह्या भाराची कल्पना येते. आपण एका जुन्या, फुटक्या, लाटांनी हेलकावणाऱ्या गलबताचा भार हाती घेतला आहे, असे त्यांनी मित्रांस निःसंकोच लिहिले. संतांसही थकवा येतो, आणि तो बोलून दाखविण्यात पाप नाही, हे आपण येथे ध्यानी घ्यावे.

इ. स. ५९३ च्या सुमारास, प्रापंचिक लोकांच्या कज्ज्यांनी अगदी उद्विग्न होऊन, ते एके दिवशी एकांतस्थळी जाऊन खिन्नपणे बसले. तेथे त्यांचा बाळपणापासूनचा मित्र डीकन पीटर आला व त्याने दुःखाचे कारण विचारिले. ग्रेगरी ह्यांनी मन मोकळे केले. आणि मग त्या दोघांचे बोलणे इटलीतील संतपुरुषांच्या चरित्रांकडे वळले. तेच संभाषण म्हणजे ‘संवाद’ ग्रंथ होय.

त्यात संत बेनेडिक्ट ह्यांची एक कथा आहे. एका रात्री ते खिडकीपाशी प्रार्थना करीत असता अवघे जग एकाच प्रकाशकिरणात एकवटलेले त्यांस दिसले. ग्रेगरी ह्यांनी तिचा जो अर्थ लाविला तोच आमच्या मते त्यांच्या चरित्राचे मर्म होय. जग आकसले नव्हते. परमेश्वराच्या प्रकाशात पाहणाऱ्याचा आत्मा विशाल झाला होता. कामे कमी झाल्याने मन शांत होते असे नाही. मन परमेश्वराकडे उंचावले म्हणजे तीच कामे आपल्या खऱ्या आकाराची दिसू लागतात.

म्हणून त्यांनी कामे टाकिली नाहीत, त्यांस मर्यादा घातल्या. आपल्या निवासात मठवासी बंधू ठेवून प्रार्थना व वाचन चालू ठेविले. ख्रिस्तसभेच्या जमिनींची व्यवस्था विश्वासू माणसांवर सोपविली. बाह्य कार्यापायी अंतरीची काळजी सोडू नये आणि अंतरीच्या ध्यासापायी बाह्य कर्तव्य टाळू नये, असा बोध त्यांनी मेंढपाळांसाठी लिहिलेल्या ग्रंथात केला. लाँबर्ड सेना रोमवर चालून आली तेव्हा यहेज्केल संदेष्ट्यावरील प्रवचने त्यांनी सरळ थांबविली. आठ वर्षांनी, बंधूंच्या आग्रहावरून, त्यांची टिपणे पाहून ती नीट केली. सर्वच कामे आजच पुरी झाली पाहिजेत असा हट्ट त्यांनी धरिला नाही.

इ. स. ५९६ मध्ये संत ऑगस्टिन व अन्य मठवासी ह्यांस त्यांनी इंग्लंडकडे धाडिले. वाटेत त्यांचे धैर्य खचले तेव्हा धीर देऊन पुढे पाठविले. पुढे वातरोगाने ते इतके जर्जर झाले की सणाच्या दिवशीही मोठ्या कष्टाने तीन तास उठून मिस्सा अर्पण करीत. तरी अंथरुणावरून पत्रे सांगणे चालूच होते. १२ मार्च ६०४ रोजी त्यांनी देह ठेविला. स्वतःस ते परमेश्वराच्या सेवकांचा सेवक म्हणवीत. तेच बिरुद पोप आजही धारण करितात.

वाचकहो, पहाटेपासून चुलीपाशी राबणारी माता, वाडीतला शेतकरी, गाडी गाठण्यासाठी धावणारा नोकरदार, धर्मग्रामाच्या कार्यास वाहून घेतलेला स्वयंसेवक, ह्या सर्वांस ग्रेगरी ह्यांचा मार्ग मोकळा आहे. दिवसाकाठी थोडा एकांत, मन उघडे करावयास एक सन्मित्र, पवित्र शास्त्राचे चार शब्द, आणि उद्याचे काम उद्यावर सोपविण्याचे धैर्य, एवढे पुरे आहे. त्या थोर संताच्या मध्यस्थीने ही शांती आपल्या घराघरांत नांदो, हीच प्रभुचरणी आमची प्रार्थना.