अँब्रोझ बिअर्स आणि उपरोधिक शब्दकोश

अमेरिकन लेखक अँब्रोझ बिअर्स यांचा जन्म १८४२ मध्ये ओहायो राज्यात झाला. यादवी युद्धात ते उत्तरेच्या सैन्यात लढले. १८६४ मध्ये केनेसॉ पर्वताजवळ त्यांच्या डोक्याला गोळी लागली. पुढे सॅन फ्रान्सिस्को येथे पत्रकारिता करताना, १८८१ पासून ‘द वॉस्प’ साप्ताहिकात त्यांनी नित्याच्या शब्दांच्या उपरोधिक व्याख्या लिहिल्या. त्या १९०६ मध्ये ग्रंथरूपाने, तर १९११ मध्ये ‘द डेव्हिल्स डिक्शनरी’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. १९१३ मध्ये क्रांतिग्रस्त मेक्सिकोत गेलेले बिअर्स परतले नाहीत.

कोशाची गंभीर, तटस्थ शैली राखूनच ते शब्दाचा रूढ अर्थ आणि माणसाचे वर्तन यांतील अंतर उघड करतात. या विसंगतीतून विनोद निर्माण होतो. रणांगण अनुभवलेल्या या लेखकाने ‘देशभक्ती’सारख्या उदात्त शब्दालाही त्यातून वगळलेले नाही.