ताराबाई मोडक आणि अंगणातली शाळा

ताराबाई मोडक हे नाव आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझी आई गेली सतरा वर्षे गावातल्या अंगणवाडीची सेविका आहे आणि अंगणवाडी हा शब्द ज्यांच्या कामातून आला त्या बाई म्हणून ताराबाईंचा उल्लेख तिच्या बोलण्यात अधूनमधून येतो. तरीही त्यांचे चरित्र मुद्दाम वाचावे असे मला कधी वाटले नव्हते. ते वाटले गेल्या पावसाळ्यात, एका सकाळच्या प्रसंगानंतर.

कॉलेजला सुट्टी होती. मदतनीस बाई आजारी होत्या आणि तालुक्याहून पर्यवेक्षिका अचानक आल्या. एका बाळंतिणीच्या घरी त्यांच्याबरोबर जाणे आईला भाग होते, म्हणून अर्धा तास मुले माझ्यावर सोपवून ती गेली. १९ मुले होती. मी मोठ्या हौसेने फळ्यावर हत्ती काढू लागले. सोंड काढून झाली, मुले हसली, मी वळून सहज मोजली तर १८. पुन्हा मोजली, तरी १८. तेव्हा पोटात जो गोळा आला तो मी जन्मात विसरणार नाही. साडेतीन वर्षांचा एक पोरगा हातपंपाच्या मागे, शौचालयासाठी खणून ठेवलेल्या खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून पाण्यात खडे टाकत होता. पाणी कमरेइतके असेल; माझ्या नव्हे, त्याच्याही डोक्यावरून जाईल इतके. एक चप्पल चिखलात रुतली होती. त्याला उचलून आणले तेव्हा तो रडला, कारण त्याचा खेळ मोडला होता.

संध्याकाळी मी आईला सगळे सांगितले. ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गावातल्या दोघांकडून त्या खड्ड्यावर फळ्या टाकून घेतल्या, आणि रजिस्टरे ठेवायचे टेबल कोपऱ्यातून ओढून दाराशी लावले. तिथून खोलीही दिसते आणि अंगणही. हत्ती काढायचा तर तोही फळा दाराजवळ आणून काढायचा, एवढेच तिने मला सांगितले. मुले सांभाळणाऱ्या माणसाने कुठे बसावे, हाही एक विचार असू शकतो, हे मला तेव्हा कळले. त्या विचाराचा माग काढत मी ताराबाईंपर्यंत पोचले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केसकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाच्या विचारांचे, त्यामुळे मुलींनी शिकावे की नाही हा वाद त्या घरात नव्हता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर मराठी स्त्रिया किती थोड्या होत्या हे सांगायला नको. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला; तो टिकला नाही आणि १९२१ मध्ये दोघे कायद्याने विभक्त झाले. आजही ज्या गोष्टीची गावात चार वर्षे चर्चा चालते ती त्या बाईंनी शंभर वर्षांपूर्वी निभावली आणि पोटापाण्यासाठी राजकोटला शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात प्रमुख म्हणून काम पाहिले. चरित्रकार येथे बराच वेळ रेंगाळतात. मला मात्र त्यांचे खरे आयुष्य सुरू होते ते भावनगरला, असे वाटते.

भावनगरला गिजुभाई बधेका होते. मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याला कसे वाढवावे या विवंचनेतून ते मारिया माँटेसरीच्या विचारांकडे वळले आणि १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी मराठीतून ‘शिक्षणपत्रिका’ चालवली. मराठी घरांत मुलांना मारू नये, भीती घालू नये ही गोष्ट लिहून, बोलून, पुन्हा पुन्हा सांगणाऱ्यांत त्यांचे नाव फार वर आहे.

येथे माँटेसरीबाईंची एक हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले, ते काही मोठा शैक्षणिक प्रयोग करावा म्हणून नव्हे. त्या चाळींतले आईबाप दिवसभर कामावर जात, मोठी मुले शाळेत जात आणि मागे राहिलेली लहानगी जिन्यांवर हुंदडत, भिंती खराब करीत. घरमालकांना भिंतींची काळजी! म्हणून त्यांनी एक खोली दिली, मुलांवर कोणीतरी नजर ठेवावी एवढ्यासाठी. जगभर गाजलेल्या पद्धतीचा उगम असा राखणीत आहे. आमच्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात माँटेसरीची उपकरणे आहेत, तत्त्वे आहेत. ही राखण मात्र एका ओळीत उरकली आहे.

मुलाला मोकळे सोडावे, असे ही मंडळी सांगत. त्याचा अर्थ पुष्कळांनी मुलाला वाऱ्यावर सोडावे असा केला आणि अजूनही करतात. वास्तविक गोष्ट उलट आहे. छडी घेतलेल्या पंतोजीला मुलांवर लक्ष ठेवण्याची फारशी गरज नसे. मुले ओळीने मांडी घालून बसलेली. पंतोजीला डुलकी लागली तरी राखण छडी करीत होती. छडी काढून घेतली, मुलांना उठायची, फिरायची, पाणी ओतायची, काचेचा पेला उचलायची मुभा दिली, की सगळा भार मोठ्या माणसाच्या डोळ्यांवर येतो. दिसेल इतक्या जवळ राहायचे, पण हात धरायचा नाही. मूल पडेल असे वाटले तरी ते किती उंचीवरून पडेल याचा अंदाज घ्यायचा आणि मगच धावायचे. भावनगरच्या वर्षांत ताराबाई हेच शिकल्या असे मी समजते. आणि हे शिकायला व्याख्यान ऐकून भागत नाही, हे मी हातपंपामागे शिकले.

१९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. मध्यमवर्गीय आईबापांनी ते डोक्यावर घेतले. मुले स्वच्छ कपड्यांत येत, घेऊन यायला माणूस असे, न्यायला माणूस असे. ताराबाई येथेच राहिल्या असत्या तर एक नामवंत मुंबईकर शिक्षणतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव राहिले असतेच. पण १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. आचार्य भिसे यांचे शिक्षणकार्य त्या गावात आधीपासून होते. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि शेवटपर्यंत बरोबर राहिल्या. त्याच साली त्याच मुलखात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचे आंदोलन पेटले होते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. ज्यांना स्वतःच्या मजुरीवर हक्क नव्हता त्यांच्या मुलांसाठी बालवाडी काढायला या दोघी बाई आल्या होत्या.

आणि मुले आलीच नाहीत.

म्हणजे गावातली बऱ्या घरची आली. हरिजनवाड्यातली आली नाहीत. आईबाप पहाटे कामावर जाणार. तीन वर्षांच्या मुलाला आंघोळ घालून, कपडे घालून बालवाडीच्या दारात आणून सोडणार कोण? शिवाय ती आपली शाळा आहे असे त्यांना वाटावे, असे गावाने कधी वागवले होते? दुसरे कोणी असते तर पालक उदासीन आहेत असा शेरा मारून मोकळे झाले असते. हा शेरा मी आजही ऐकते. ताराबाईंनी शाळा उचलली आणि वाड्यात नेली. कोणाच्या तरी अंगणात मुले गोळा करायची, त्यांना न्हाऊ-माखू घालायचे, नखे काढायची, गाणी-गोष्टी-खेळ घ्यायचे. अंगणात भरणारी बालवाडी म्हणून ती अंगणवाडी.

या अंगणाचा एक गुण माझ्या फार उशिरा लक्षात आला. अंगणात बसलेले मूल एकट्या बाईच्या नजरेत नसते. ओट्यावरची म्हातारी बघते, पाणी घेऊन जाणारी बघते, कामावर न गेलेली आई दारातून बघते. आणि बाई काय करते हेही सगळे बघतात. मुलांना कसे धुवावे, कसे बोलावे, हे न सांगता शिकतात. चार भिंतींच्या खोलीत आणून ठेवल्यावर ही सगळी नजर तुटते आणि एका सेविकेच्या दोन डोळ्यांवर काम येते. माझ्या आईचे तसेच आहे.

साधनेही तेथलीच. माँटेसरीची विलायती साधने महाग. बोर्डीला शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांनी काम भागवले. यावर आमच्या सरांनी वर्गात बरेच कौतुक केले. मला कौतुकाबरोबर एक गोष्ट जोडावीशी वाटते, की तीन वर्षांचे मूल बी प्रथम मोजत नाही, नाकात घालते. आमच्या अंगणवाडीत एका मुलीने चिंचोका नाकात घातला होता आणि तो काढायला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे लागले होते. तेव्हापासून चिंचोके झाकणाच्या डब्यात असतात. मोजून काढायचे, मोजून ठेवायचे, आणि अगदी लहानांच्या हाती मुठीत न मावणारे दगडच द्यायचे.

१९५६-५७ च्या सुमारास सगळे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत हलले. ताराबाई तेव्हा चौसष्ट-पासष्ट वर्षांच्या. येथे अडचण आणखी वेगळी निघाली. प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड होते. मुलगे येत नव्हते, कारण ते गुरे राखीत होते. म्हणजे ज्या मुलांची राखण कोणीतरी करायची तीच मुले दुसऱ्याची राखण करीत होती. मला वाटते, ताराबाईंच्या साऱ्या आयुष्यातले सर्वांत मोठे निरीक्षण हे आहे.

त्यावर त्यांनी काढलेला तोडगा वाचायला साधा वाटतो. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. सात-आठ वर्षांच्या ताईने कडेवरचे बाळ पाळणाघरात द्यायचे, तीन-चार वर्षांच्या भावाला बालवाडीत बसवायचे आणि स्वतः वर्गात जायचे. मधल्या वेळात बाळ डोळ्यांनी पाहून यायचे. गुराख्यांसाठी कुरणशाळा: गुरे चरतात तेथेच शिक्षकाने जायचे. मुलीने घरचे काम टाकून शाळेत यावे असा उपदेश केला नाही. तिच्या कडेवरचे ओझे आधी उतरवून घेतले.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. अनुताईंनी ते काम पुढे १९९२ पर्यंत, स्वतःच्या अखेरीपर्यंत, चालवले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात अशा सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. आपला शब्द इतका दूर गेलेला ताराबाईंना दिसला नाही. दोन वर्षांचे अंतर पडले.

नाव मात्र गेले आणि पाळणाघर मागे राहिले. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले बसतात. त्याहून लहानांना वजन, लस, घरी न्यायचा आहार मिळतो. पण त्यांची आई कापणीला गेली तर त्यांना सांभाळायचे कोणी हा प्रश्न कोसबाडला सुटला होता तो पुष्कळ गावांत अजून सुटलेला नाही. २०२२ पासून पालना योजनेखाली अंगणवाडीला जोडून पाळणाघरे काढण्याचे धोरण आले आहे. आमच्या गावापर्यंत ते आलेले नाही. आईकडे वजनकाटा आहे, रजिस्टरे आहेत, मोबाइलमध्ये रोज भरायची माहिती आहे. आणि माहिती भरताना मान खाली जाते, त्या वेळी मुले कोणी बघायची हे कोणत्याच रकान्यात नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा अंगणवाडीत गेले. खड्डा बुजवलेला होता. टेबल दाराशीच होते. नऊएक वर्षांची एक मुलगी, कडेवर शेंबडे बाळ घेऊन, दाराबाहेर उभी राहून आतली गाणी ऐकत होती. शाळेचा वार होता. आईने तिला आत बोलावले, बाळ स्वतःच्या मांडीवर घेतले आणि तिला शाळेत पिटाळले. बाळाचे नाव रजिस्टरात बसत नव्हते, म्हणून त्या दिवशी आम्ही मुले मोजली ती १९ आणि एक अशी.