देवळालीचे गणितानंद : दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

६१७४ या संख्येला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. ज्यांच्यावरून हे नाव पडले ते गृहस्थ कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. नाशिकजवळच्या देवळालीत बत्तीस वर्षे मुलांना शिकविणारे ते एक शाळामास्तर होते. आपल्या शाळेच्या स्मरणिकेत त्यांच्यासाठी दोन पाने राखून ठेवावीत असे वाटले, त्याचे हे एक कारण. दुसरे कारण ओघात येईल.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. त्यासाठी घरात चालणाऱ्या आकडेमोडीतून मुलाला गोडी लागली ती आकड्यांची. आकड्यांत भविष्य शोधणे निराळे आणि आकड्यामागचे कारण शोधणे निराळे; कापरेकरांचे नाव उरले ते दुसऱ्या कामामुळे. ठाण्यात शालेय शिक्षण घेताना ते तासन्‌तास गणिती कोडी सोडवीत बसत. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना, १९२७ साली, स्वतंत्र गणिती कार्यासाठी त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले आणि औपचारिक शिक्षण तेथेच संपले. १९३० पासून देवळाली.

शाळेचे तास सांभाळून त्यांचे संख्यांशी खेळणे अखंड चालू राहिले. डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या स्थानकावरूनच डेम्लो संख्या असे नाव दिले. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, हे त्यांचे सोपे नमुने. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, म्हटले. मित्रमंडळींत त्यांना गणितानंद म्हणत ते उगीच नव्हे.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चा गुणधर्म मांडला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिच्या अंकांची मोठ्यात मोठी व लहानात लहान मांडणी करून वजाबाकी करावी आणि येणाऱ्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. ते देवळालीस रुजू झाले ते वर्षच घेऊ : ९३१० वजा ०१३९ म्हणजे ९१७१, ९७११ वजा ११७९ म्हणजे ८५३२, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा, पुन्हा ६१७४. कोठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत येथेच पोहोचता. (त्यांचे जन्मवर्ष १९०५ नेमक्या सात पायऱ्या घेते.)

आजकाल ही संख्या मोबाइलवर चमत्कार म्हणून फिरते, ते मला रुचत नाही. चमत्कार म्हटले की विचार थांबतो. तीन अंकी संख्येवर हीच क्रिया करून पाहा. दोन्ही मांडण्यांत मधला अंक दशकाच्याच घरात राहतो, म्हणून वजाबाकीत तो नाहीसा होतो. उरते ९९ गुणिले मोठ्या व लहान अंकांतील फरक. हा फरक १ ते ९ यांपैकीच असणार. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर उत्तरे नऊच संभवतात : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. प्रत्येकात मधला अंक ९ आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९. तेव्हा पुढचा फरक म्हणजे ९ वजा कडेचा लहान अंक. या नियमाने ०९९ वरून ८९१, तेथून ७९२, ६९३, ५९४ आणि शेवटी ४९५. बाकीच्या संख्या याच साखळीत मध्येच येऊन मिळतात. ४९५ मध्ये फरक ५, आणि ९९ गुणिले ५ पुन्हा ४९५. वाट संपली, गूढ काही उरले नाही. चार अंकांतही रीत तीच. कडेच्या अंकांचा फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या अंकांचा फरक गुणिले ९०. मधला फरक कडेच्या फरकाहून मोठा होऊ शकत नाही, म्हणून तपासावयाच्या जोड्या फक्त ५४. फरक ६ आणि २ असता ५९९४ अधिक १८०, म्हणजे ६१७४. वही-पेन्सिल घेऊन बसलेले आठवीचे मूल हे स्वतः पडताळू शकते. कोणाच्या अधिकारावर विसंबण्याचे कारण नाही. हे ते दुसरे कारण.

त्यांच्या स्वयंभू संख्या मला सर्वांत आवडतात. २३ मध्ये तिचेच अंक २ व ३ मिळविले की २८ होतात, म्हणून २३ ही २८ ची जन्मदाती. १०१ ला तर दोन जन्मदाते आहेत, ९१ आणि १००. पण २० चा जन्मदाता शोधा. एक अंकी असेल तर त्याची दुप्पट २०, म्हणजे तो १० झाला. तो एक अंकी नाही. १० ते १९ मधील असेल तर बेरीज ११ अधिक एककाच्या अंकाची दुप्पट, म्हणजे नेहमी विषम. २० तर सम. तेव्हा २० ला जन्मदाता नाही. ३१, ४२, ५३ यांनाही नाही. जन्मदात्याविना त्यांचे काही अडले नाही.

या देशातील गणितज्ञांनी मात्र हे सारे क्षुल्लक करमणूक मानले. पदव्युत्तर पदवी नाही, मोठ्या संस्थेचा आधार नाही. कापरेकर स्वखर्चाने पुस्तिका छापीत राहिले. त्यांचे विषय हलके होते ही टीका अगदीच निराधार नव्हती, परंतु तिच्यात विषयापेक्षा माणसाचा दर्जा अधिक मोजला गेला, असे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला वाटते. १९६२ मध्ये ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून गणित व विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि सत्तरीतल्या मास्तरांचे नाव जगभरच्या गणितप्रेमींपर्यंत पोहोचले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८६ मध्ये, देवळाली येथे त्यांचे निधन झाले.