अश्वविद्याविशारद कै. विष्णुपंत छत्रे

कृष्णामाईच्या काठी औदुंबरला लागून अंकलखोप हे गाव आहे. भारतीय सर्कशीचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, ते कै. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे याच गावचे सुपुत्र होत.

विष्णुपंतांना दोन छंद होते, एक घोड्याचा व दुसरा गाण्याचा. या दोन्ही विद्या मिळविण्यासाठी त्यांनी घरदार सोडून दूर ग्वाल्हेर गाठले. तेथे बाबासाहेब आपटे यांच्याजवळ ते अश्वविद्या शिकले आणि थोर गवई हद्दूखाँ यांचे त्यांनी शिष्यत्व पत्करले.

घोडा शिकविणे हे चाबुकस्वाराचे काम वरवर सोपे दिसते. परंतु घोडा चाबकाच्या धाकाने जितका शिकतो, त्याहून अधिक धन्याच्या आवाजाने व सवयीने शिकतो. लांब दोरीवर गोल फिरवून त्याची चाल एकसारखी करावी लागते. चाल बिघडली तर पाठीवर उभा राहणारा स्वार खाली आलाच म्हणून समजावे. सर्कशीचे रिंगण सुमारे ४२ फूट व्यासाचे असते ते घोड्याच्या या गोल धावेसाठीच.

इ.स. १८७९ मध्ये मुंबईस शियारिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस आली होती. असे खेळ करणे हिंदी लोकांना इतक्यात साधणार नाही, असा त्याचा समज होता, असे सांगतात. विष्णुपंतांनी ते आव्हान स्वीकारले. कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांचा त्यांना आश्रय होता. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८८० साली, त्यांनी ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. तीत मुख्य आकर्षण अर्थातच घोड्यांचे होते. पुढे ही सर्कस समुद्रापार सिलोनलाही गेली.

विष्णुपंतांनी आपली विद्या स्वतःपुरती ठेवली नाही. बंधू काशीनाथपंत यांना त्यांनी हाताशी धरून तयार केले आणि पुढे सर्कशीचा भार त्यांनीच वाहिला. केरळातील तेल्लिचेरी येथे सर्कस गेली असता कीलेरी कुन्हिकण्णन या व्यायामशिक्षकाशी त्यांची गाठ पडली. विष्णुपंतांच्या विनंतीवरून ते कसरतपटू तयार करू लागले व १९०१ साली त्यांनी चिरक्करा येथे सर्कशीची शाळा काढली. केरळच्या सर्कशीचा पाया असा एका मराठी माणसाच्या शब्दावर घातला गेला.

पण विष्णुपंतांचे खरे मोठेपण आणखी एका गोष्टीत आहे. गुरू हद्दूखाँ यांचे चिरंजीव रहिमतखाँ हे अलौकिक गवई होते. पुढे त्यांच्या मनाचा तोल गेला व ते अनाथासारखे हिंडू लागले. हे कळताच विष्णुपंतांनी त्यांना आपल्याजवळ आणले, सख्ख्या भावाप्रमाणे सांभाळले आणि सर्कशीच्या मुक्कामी त्यांचे गाणे लोकांना ऐकविले. विष्णुपंतांच्या पश्चातही छत्रे घराण्याने हे व्रत मोडले नाही. भूगंधर्व रहिमतखाँ यांनी १९२२ साली कुरुंदवाड येथेच देह ठेवला. घोड्यांच्या कमाईवर गुरूच्या मुलाचा सांभाळ झाला. गुरुऋण याहून चांगले कसे फेडावे?

पूर्वजांनी दिलेले जपावे, त्यात आपली भर घालावी आणि पुढच्या पिढीच्या हाती द्यावे, हाच जीर्णोद्धाराचा अर्थ आहे. मंदिराच्या बाबतीत तो दगडविटांनी साधतो, विद्येच्या बाबतीत माणसांनी. विष्णुपंतांनी तो आपल्या आयुष्यात करून दाखविला. त्यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.