सूर्याचा उपेक्षित उपासक

ऑगस्टिन मूशो (१८२५–१९१२) हे फ्रान्समधील तूर येथील गणिताचे शिक्षक. कोळशाच्या खाणी कधीतरी रित्या होतील, मग यंत्रे कशावर चालणार, या चिंतेने त्यांना ग्रासले होते. शंकूच्या आकाराच्या आरशाने सूर्यकिरण बॉयलरवर एकवटून त्यांनी वाफेचे यंत्र चालविले. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी उन्हाच्या बळावर बर्फ तयार केला आणि सुवर्णपदक मिळविले. पुढे कोळसा स्वस्त झाला; सौरशक्ती परवडणारी नाही, असे ठरवून सरकारने साहाय्य थांबविले. मूशो दारिद्र्यात निवर्तले. त्यांचा पराभव विज्ञानाने नव्हे, तात्कालिक हिशेबाने केला. त्या हिशेबात धुराची किंमत कोणी धरलीच नव्हती. ती आज सारे जग चुकवीत आहे.