देवासचा अंथरुणाला खिळलेला गवई

माळव्यात धार आणि देवास ही पवार घराण्याची ठाणी. अठराव्या शतकात या सरदारांच्या मागोमाग अनेक मराठी कुटुंबे तिकडे जाऊन स्थायिक झाली. देवासला तर थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदत होती. 1948 साली ती विलीन झाली. त्याच वर्षीच्या जानेवारीत तेवीस वर्षांचा एक आजारी गवई पत्नीसह या गावी राहावयास आला. ते पंडित कुमार गंधर्व होत.

त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. जन्म 8 एप्रिल 1924 रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तसेच हुबेहूब गाणाऱ्या या बालकास एका मठाच्या स्वामींनी कुमार गंधर्व असे नाव दिले, आणि तेच रूढ झाले. पुढे मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्यापाशी त्यांचे शिक्षण झाले. 1947 मध्ये भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला आणि संसार मांडतात न मांडतात तोच क्षयरोगाने गाठले.

फुप्फुस हे गवयाचे भांडवल. क्षयाने नेमके तेच धरले. कोरड्या हवेसाठी देवास निवडले गेले, आणि गाण्याची वैद्यांनी सक्त मनाई केली. कीर्ती ऐन भरात असताना गळा मिटून पडून राहणे यासारखी शिक्षा कोणती? दुसरा एखादा त्या दुःखानेच खचला असता.

कुमारांनी मात्र त्या दिवसांकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. गाता येत नव्हते, पण ऐकण्यास कोणाचीच मनाई नव्हती. देवीच्या टेकडीच्या आसऱ्याला वसलेल्या त्या गावात खेड्यातील स्त्रियांची लग्नगीते व ऋतूंची गाणी कानी येत. दारी येणारे नाथपंथी साधू निर्गुणी भजने म्हणत. मैफली गाजविणाऱ्या गवयास एरवी इतकी सवड कधी मिळाली असती? चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या त्या साध्या धुना ते मनाशी घोळवीत राहिले, आणि राग हे मुळात लोकधुनांतूनच उगवले असावेत, हा विचार त्यांच्या ठायी दृढ झाला.

ताणाचा शास्त्रीय अभ्यास करणारे हान्स सेल्ये यांनी पुढे हितकर ताण व अहितकर ताण असा भेद केला. आलेल्या प्रसंगाचा आपण काय अर्थ लावतो, यावर शरीर व मन त्यास कसे तोंड देतील हे पुष्कळसे अवलंबून असते, असे आज मानसशास्त्रही मानते. तथापि येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कुमारांचा क्षय काही चांगल्या विचारांनी बरा झाला नाही. तो नव्याने उपलब्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाने आणि भानुमतीबाईंच्या अहोरात्र शुश्रूषेने हटला. विचारांनी झाले ते एवढेच, की ती वर्षे वाया गेली नाहीत.

1952-53 च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. दीर्घ दमाच्या ताना आता आवाक्यात नव्हत्या. छोटे, टोकदार स्वरसमूह आणि मध्येच अर्थपूर्ण स्तब्धता असे त्यांचे गाणे झाले. दम तुटे म्हणून ते तसे गात, असे पुष्कळजण म्हणतात. आमच्या मते हे अर्धेच खरे आहे. दम कमी असलेले गवई पुष्कळ झाले. त्या उणिवेतून नवी वाट काढणारे विरळा. मालवती, संजारी, मधसुरजा, सहेली तोडी हे त्यांचे नवे राग लोकधुनांतून घडले. त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ 1965 साली प्रसिद्ध झाला. कबीराची निर्गुणी भजने तर त्यांच्या गळ्यातून घरोघरी पोहोचली.

आघात तेथे संपले नव्हते. 1961 साली दुसऱ्या बाळंतपणात भानुमतीबाईंचे निधन झाले. पुढील वर्षी त्यांनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह केला. त्या स्वतः उत्तम गायिका होत्या आणि मैफलीत त्यांना साथ करीत.

1990 साली पद्मविभूषण हा सन्मान त्यांना लाभला. प्रकृती सुधारल्यावर मुंबईस परतावे, असे कोणासही वाटले असते. पण कुमार गेले नाहीत. 12 जानेवारी 1992 रोजी देवासलाच त्यांचे देहावसान झाले. हवापालटासाठी आलेला हा पाहुणा त्या गावी 44 वर्षे राहिला होता.